सहीपुरता हात

महिन्याचा शेवटचा दिवस गुरुवारी आला, यातही सुतळीला शुभशकुन दिसला. बुडत्याला काडी दिसते तसा. गेले अकरा महिने दर गुरुवारी दुपारी ती बाईंच्या घरी जात होती, आजही जायचंच होतं. फरक एवढाच, की आज पिशवीत एक कागद होता आणि त्या कागदावर संध्याकाळी पाचच्या आत बाईंची सही यायला हवी होती. नाही आली, तर उद्या सकाळी सुतळी ऑक्युपेशनल थेरपिस्ट राहणार नव्हती.

सुतळी हे नाव बाईंनीच ठेवलेलं, तेहतीस वर्षांपूर्वी, कॉलेजच्या पहिल्या वर्षी शिकवताना. अंगानं काडी, आणि दिसेल ते बांधून ठेवायची खोड. "ही सुतळी सगळ्या वॉर्डाला पुरेल," असं बाई म्हणाल्या आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. आता ती त्रेपन्न वर्षांची होती, जिना चढताना गुडघे बोलायला लागले होते, केस कानापाशी पांढरे झाले होते. पण हॉस्पिटलातले जुने लोक अजून सुतळीच म्हणत.

तिचं काम कुणाला नीट सांगता यायचं नाही. कुणी तिला व्यायामवाली म्हणे, कुणी मालीशवाली. आजारानं, अपघातानं माणसाच्या हातून जे जे निसटलेलं असे, बटण, कंगवा, घास, कुलपाची किल्ली, ते ती एकेक करून त्याच्या हातात परत आणून ठेवी. एका बटणाला कधी कधी तीन महिने लागत.

या कामाला परवाना लागतो, आणि परवाना दर दोन वर्षांनी नवा करावा लागतो. तो करताना परवाना देणाऱ्या परिषदेला दाखवावं लागतं की आपण गंजलो नाही. विळ्याला धार लावून आणली की नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण धार मोजायची तासांनी. दोन वर्षांत तीस तास शिकल्याचे पुरावे. त्यातले संगणकासमोर बसून केलेले तास बारापर्यंतच धरतात. सुतळीचे ते बारा भरले होते. कार्यशाळांचे दहा होते. उरलेले आठ तिनं बाईंच्या हाताखाली काढले होते, कारण नियमात तशीही एक वाट होती: परवानाधारक ज्येष्ठ व्यक्तीकडे बसून शिकावं, तिनं सही करून तास द्यावेत. सही मात्र परिषदेकडच्या नमुन्याशी जुळली पाहिजे.

बाईंचा उजवा हात अकरा महिन्यांपूर्वी पक्षाघातानं गेला होता.

"मॅडम, सगळी ओझी एकाच खुंटीला टांगू नका," हॉस्पिटलच्या ऑफिसातल्या कारकुनानं तिला मागेच बजावलं होतं. "अजून दोन कार्यशाळा आहेत, नाव घालून ठेवा."

"खुंटी पक्की आहे हो," ती म्हणाली होती.

तेव्हा होतीही. सातव्या महिन्यात बाईंचा अंगठा हलायला लागला. आठव्यात जाड पेन बोटांत धरून त्यांनी आपल्या नावाचं पहिलं अक्षर काढलं, आभाळातून पडल्यासारखं वाकडं, पण अक्षरच. सुतळीनं नोंदवहीत तारीख घातली आणि हिशेब मांडला: एवढे आठवडे, एवढी प्रगती, म्हणजे मुदतीच्या महिनाभर आधीच सही. पेशंटला काय हवंय हे पेशंटलाच विचारायचं, ही पहिली शिकवण. पहिल्याच गुरुवारी तिनं विचारलं होतं, आणि बाई जड जिभेनं म्हणाल्या होत्या, "सही. माझी. दुसरं काही नको." तेव्हा त्यांच्या मनात कुठला कागद नव्हता. कागद नंतर आला. दोघींच्या गरजा अशा एका वाटेवर आल्या तेव्हा सुतळीला गंमत वाटली होती.

मग बाईंना ताप आला. छातीत कफ भरला, तीन आठवडे अंथरूण. त्या उठल्या तेव्हा हात परत पहिल्या दिवसासारखा होता. अंगठा तळव्यात दडून बसला होता. पाच आठवडे झाले, त्या हातात सुतळीला एकही हालचाल सापडली नव्हती. आणि कार्यशाळांची नावनोंदणी तोवर बंद झाली होती.

सकाळी वॉर्डात बेकरीवाले काका बसले होते. भट्टीनं त्यांचा हात भाजला होता, बोटं आकसली होती. पेला धरायचा सराव चालू होता. पेला तीनदा पडला. चौथ्यांदा ओठापर्यंत गेला.

"बघा!" काका ओरडले. "उद्या भरलेला द्या."

"उद्या अर्धा देते. उगाच चादर धुवायला नको."

"उद्या आहात ना पण? ती दुसरी पोरगी फार गोड बोलते, मला शिव्या दिल्याशिवाय बोटं हलवता येत नाहीत."

"असते की," सुतळी म्हणाली, आणि पेला उगाचच दोनदा पुसला.

तीन वाजता ती बाईंच्या दारात उभी राहिली. दार बाईंच्या धाकट्या बहिणीनं उघडलं. हिला सगळे मावशीच म्हणत. लग्न केलं नाही, नोकरी संपली, आणि बहीण पडल्यापासून तिच्याकडेच राहायला आली होती. तोंड असं, की दाराला वेगळी घंटा नको.

"आलीस? ये. तुझी गुरुमाता पहाटेपासून तयार बसलीय. केस विंचरून घेतले, इस्त्रीची साडी मागितली. म्हटलं, सही करायचीय की बोहल्यावर चढायचंय?"

"कशा आहेत?"

"तोंड चालतंय. म्हणजे बरी आहे."

बाई खिडकीपाशी टेबलाला बसल्या होत्या. उजवा हात टेबलावर ठेवलेला, एखाद्यानं विसरून गेलेल्या हातमोज्यासारखा. डाव्या हातानं त्या त्याची बोटं उलगडत होत्या आणि ओठांतल्या ओठांत गुणगुणत होत्या. ते गाणं सुतळीला पाठ होतं, बाईंच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येकीला होतं. वॉर्डातल्या म्हाताऱ्यांची बोटं मोकळी करायला बाईंनीच ते रचलं होतं.

पहिलं गं बोट उठे, दुसऱ्याला उठविते,
तिसरं ते आळशी, चौथ्यावरी रेलते,
अंगठा गेला दूर, त्याला बोलवा गं घरी,
अंगठ्यावाचून बाई, मूठ रिकामी सारी.

"किती वाजता बंद करतात ते परिषदवाले?" बाईंनी विचारलं. शब्द सावकाश यायचे, पण आता नीट यायचे.

"पाचला. चालत पंधरा मिनिटं. पावणेपाचला निघाले तरी चालेल."

"म्हणजे पावणेदोन तास." बाई हसल्या, एका बाजूनं. "एका सहीला पुष्कळ झाले. परीक्षेत तुम्हाला मी अर्धा तास द्यायचे."

सुतळीनं काम सुरू केलं. गरम पाण्याचा टॉवेल मनगटाला गुंडाळला. कोपराखाली उशी दिली. खांदा खाली सोडायला लावला. पेनावर स्पंजाची नळी चढवून ते जाड केलं, बोटांत बसवलं, अंगठा त्यावर आणून टेकवला. अंगठा टेकला आणि तिथेच मेल्यासारखा पडून राहिला. कागद चिकटपट्टीनं टेबलाला लावला, आधी कोरा.

"हं. आता खांद्यातून नाही, मनगटातून."

बाईंनी डोळे मिटले. कपाळावर घाम आला. मानेच्या शिरा ताठ झाल्या. हात हलला, पण खांद्यानं ओढला म्हणून हलला, आणि पेनानं कागदावर एक लांब ओरखडा काढला.

"परत."

दुसरा ओरखडा. तिसऱ्याला पेनच सुटलं आणि गडगडत मावशीच्या पायाशी गेलं.

मावशीनं ते उचललं, कागदावरचे ओरखडे बघितले. "मांजरीनं दार खाजवावं तशी सही आहे. घेतील का गं चालवून?"

"नमुन्याशी जुळायला हवी, मावशी."

"अंगठा उठवा की मग. सगळ्या जगात अंगठा चालतो."

सुतळीनं तेही विचारून पाहिलं. टेबलावरच्या फोनवरून परिषदेचा नंबर लावला. पलीकडचा माणूस सभ्य होता, दमलेला होता. "नाही हो, अंगठा नाही चालत. डाव्या हाताची सहीही नाही. सहीचा नमुना बदलायला अर्ज करावा लागतो, त्याला तीन आठवडे."

"पण तास खरे आहेत. त्यांनी खरंच शिकवलंय. आठ गुरुवार. अंगठ्याच्या स्प्लिंटवर मी सगळं लिहून काढलंय, दाखवू का?"

"मॅडम, मी कुठे खोटं म्हणतोय? माझ्यासमोर फक्त चौकट आहे. चौकट रिकामी असली, तर मी काय करू?"

"मुदत चुकली तर?"

"परीक्षा परत. आणि सहा महिने दुसऱ्याच्या देखरेखीखाली. तोवर पेशंटला हात लावायचा नाही." मग आवाज मऊ करून म्हणाला, "पाचपर्यंत आहे मी इथे. या तुम्ही."

तिनं फोन ठेवला. तास खरेच होते. व्यायाम झाला की बाई खुर्चीत मागे टेकायच्या आणि म्हणायच्या, "आता माझी पाळी." मग तासभर अंगठ्यावर बोलायच्या. मग सुतळी अंगठ्याला आधार देणाऱ्या स्प्लिंटसाठी प्लास्टिकचा तुकडा गरम पाण्यात मऊ करी, बाईंच्याच निर्जीव हातावर त्याचा साचा घेई, आणि बाई त्या हाताकडे परक्याचा असल्यासारखं बघत चुका काढत. "इथे टोचेल. माझा आहे म्हणून चालवून घेतेस? पेशंटला टोचलं असतं ना?" असे ते आठ तास. चाळीस वर्षांचं शहाणपण. आणि त्याला एक सही हवी होती.

"मी करते," मावशी अचानक म्हणाली. "हसू नका. शाळेत हिच्या प्रगतिपुस्तकावर बाबांची सही मीच करायचे. गणितात नापास झाली होती ही तुझी गुरुमाता, सांगितलंय का तिनं तुला?"

"गप गं," बाई म्हणाल्या.

"दोनदा."

बाई हसल्या, सुतळीही हसली, आणि त्या हसण्यात वीस मिनिटं गेली असं नाही, पण घड्याळाकडे बघितलं तेव्हा चार वाजून पाच झाले होते.

परत टॉवेल. परत उशी. परत गाणं, या वेळी तिघींनी. अंगठ्याला घरी बोलावलं. तो आला नाही. चार वीस. बाईंचा श्वास मोठा झाला होता. चार पस्तीसला सुतळीनं कोरा कागद काढला आणि खरा लावला. तिचं स्वतःचं नाव छापलेलं, आठ तारखा, आठ विषय, खाली चौकट.

"एकदाच," ती म्हणाली. "एकदाच, बाई."

बाईंनी मान हलवली. पेन चौकटीवर टेकलं. खांदा उचलला गेला. आता परत ओरखडा येणार, आणि तो खऱ्या कागदावर येणार, हे सुतळीला दिसलं, आणि तिचा हात पुढे गेला.

तिनं ठरवलं नव्हतं. हात पडणाऱ्या पेल्याकडे जातो तसा गेला. तिनं बाईंच्या मुठीवर आपली मूठ ठेवली, मनगट धरलं, आणि सही केली.

ती सही तिला डोळे मिटूनही आली असती. कॉलेजच्या चार वर्षांत प्रत्येक जर्नलच्या प्रत्येक पानाखाली ती होती. पहिल्या अक्षराची उंच मान, मधलं वळण, शेवटी खाली ओढलेली तिरकी रेघ. चौकटीत ती तशीच्या तशी उमटली, तीस वर्षांपूर्वीच्या बाईंच्या हातची.

फक्त शेवटची रेघ ओढताना सुतळीच्या तळव्याखाली काहीतरी झालं.

ती थांबली. हात तसाच धरून राहिली.

"चार चाळीस," मावशी म्हणाली. "पळ. कागद दे, मी पाकिटात घालते."

बाई कागदाकडे बघत होत्या. मग त्यांनी मान वर केली, आणि तेहतीस वर्षं मधून निघून गेली. त्या वेळी परीक्षेत एका आजोबांना शर्टाचं बटण लावायला शिकवायचं होतं. वेळ संपत आली, आजोबांची बोटं लटपटली, आणि सुतळीनं हलकेच त्यांची बोटं धरून बटण काजातून पार केलं. कुणाला दिसलं नसतं. बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं होतं, "बटण कुणी लावलं?" आणि नापास केलं होतं. नंतर जिन्यात तिला रडताना गाठून म्हणाल्या होत्या, "हात धरून काढलेलं अक्षर धरणाऱ्याचं असतं. पेशंटला ते कळतं, सुतळे. तो काही बोलत नाही, पण त्याला कळतं."

आज बाईंनी तो प्रश्न विचारला नाही. त्यांनी दुसरंच म्हटलं.

"सुरेख आलीय," त्या म्हणाल्या. "ने. वेळ जाईल."

"बाई..."

"ने म्हणते ना. शिकवलं मी. खोटं नाही ते. जा तू."

मावशीनं पाकीट पुढे केलं. सुतळी उठली नाही.

"मावशी, थांबा जरा." मग बाईंना, हळू: "शेवटी तुम्ही ओढलात."

"काय?"

"हात. शेवटच्या रेघेला. तुम्ही मागे ओढलात. मनगटातून. खांदा नव्हता त्यात, मला कळतं."

बाईंनी आपल्या हाताकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत आधी काहीच आलं नाही, मग एकदम पाणी आलं, आणि सुतळीला दिसलं की त्यांनाही ते कळलं होतं. पाच आठवड्यांत तो हात एकदाच जागा झाला होता, आणि तो नाही म्हणायला जागा झाला होता.

"मला सांगायचं नव्हतं तुला," बाई म्हणाल्या. "ओढायचं नव्हतं. तुझा कागद आहे. तो आपोआप..."

"आपोआप कसा? पाच आठवडे आपोआप काही झालं नाही त्याचं."

"शहाण्यांनो," मावशीचा आवाज चिरका झाला, "तुमचं शास्त्र नंतर करा! पावणेपाच झाले. त्या हातानं काय केलं ते त्या फोनवाल्याला दिसणार आहे का?"

"नाही," सुतळी म्हणाली. "त्याला नाही दिसणार."

तिनं पिशवीतून नोंदवही काढली. प्रत्येक भेटीची नोंद, प्रत्येक हालचालीपुढे एक शेरा: स्वतः, सांगून, थोड्या मदतीनं, पूर्ण मदतीनं. तिनं तारीख घातली, वेळ घातली. लिहिलं: सही, पूर्ण मदतीनं. त्याखाली लिहिलं: उजवं मनगट मागे घेतलं, एकदा, स्वतः. पेनची शाई मध्येच आटली, तर तिनं स्पंजवालं जाड पेन घेतलं आणि 'स्वतः' परत गिरवलं. मग खाली आपली सही केली. परवाना संध्याकाळी पाचपर्यंत चालू होता, त्यामुळे ती सही तरी कायदेशीर होती.

कागद चौकटीतल्या सुरेख सहीसकट टेबलालाच चिकटलेला राहिला. मावशी पाकीट घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि तिथून बराच वेळ भांडी आपटल्याचा आवाज येत राहिला. पाच वाजले तेव्हा बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात तिला अपॉइंटमेंटच्या खिडकीवर बसवलं. कारकुनानं खुर्ची पुसून दिली आणि "सहा महिने काय, असे जातात," म्हणून चुटकी वाजवली. ती वाजली नाही, म्हणून परत वाजवली. दहाच्या सुमाराला बेकरीवाले काका काचेपलीकडून गेले. त्यांनी तिला बघितलं, थांबले, भाजलेला हात वर करून बोटं जमतील तेवढी पसरली, आणि विचारलं, "बदली झाली का तुमची?"

"तसंच," ती म्हणाली.

"कुठे?"

तिनं खिडकीकडेच बोट दाखवलं. काकांना विनोद वाटला. ते हसत आत गेले.

गुरुवारी ती बाईंकडे गेली. जायला तसं कारण नव्हतं. बाईंचं काम आता त्या गोड बोलणाऱ्या पोरीकडे दिलं होतं, आणि ती मंगळवारीच येऊन गेली होती. नोंदवहीतला शेरा वाचून तिनं मनगट तपासलं, गरम केलं, अर्धा तास बसली. तिला काही सापडलं नाही. "चांगली आहे पोरगी," मावशीनं दारातच सांगितलं. "ताईला 'आज्जी' म्हणाली. तिथेच संपलं."

बाई खिडकीपाशी होत्या. केस मोकळे, साडी कालचीच. त्यांच्याही परवान्याची मुदत त्याच दिवशी संपली होती. त्यांनी नवीन अर्ज केला नव्हता. टेबलावर चिकटपट्टीच्या चार खुणा राहिल्या होत्या.

सुतळी सवयीनं उशी घ्यायला वळली, आणि थबकली. उशी कोपराखाली द्यायची की नाही, ते तिला कळेना. इतक्या वर्षांत या घरात तिनं रिकाम्या हातानं कधी बसून पाहिलं नव्हतं.

"बस," बाई म्हणाल्या. "आता तू कोण गं इथली?"

"कुणी नाही."

"मीही नाही कुणी." बाईंनी डाव्या हातानं उजवा हात उचलला आणि टेबलावरून तिच्याकडे सरकवला, एखादी वस्तू द्यावी तसा. "मग धर की. आता धरायला काय हरकत आहे?"

सुतळीनं तो दोन्ही हातांत घेतला. काही शोधलं नाही. आत मावशीनं पाणी तापत ठेवलं होतं आणि ते उकळून सांडत होतं, पण कुणी उठलं नाही. हात गार होता. तो हलला नाही. मागेही गेला नाही.